खुब्याच्या दुखण्यावर ॲक्युपंक्चर : पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

'खुबा दुखतो' असं फार थोडे जण म्हणतात. कुणी 'कंबर धरली' म्हणतं, कुणी 'मांडीत कळ जाते', कुणी 'डाव्या कुशीवर झोपवत नाही'. मी स्वतः आठ महिने 'कंबर दुखते' एवढंच सांगत फिरले. ॲक्युपंक्चरसाठी पहिल्यांदा जिथे गेले तिथे 'नेमकं कुठे, बोट ठेवून दाखवा' असं कुणी म्हटलं नाही आणि मलाही ते सुचलं नाही. चार सिटिंग पाठीला सुया लागल्या. दुखत होता तो खुबा, बाजूला हाडाचा उंचवटा हाताला लागतो ना, बरोबर तिथे. तो होता तसाच राहिला.

म्हणून या लेखात सुईची पाळी जरा उशिरा येते.

पायरी १ : एक बोट ठेवा

उभं राहा आणि सर्वांत जास्त दुखतं तिथे एकच बोट टेकवा. तळहात नको, बोटच.

बोट जांघेत गेलं, किंवा अंगठा मागे आणि बोटं पुढे असा खुबाच मुठीत धरावासा वाटला, तर संशय खुद्द सांध्यावर घ्यायचा. वाटीत चेंडू बसावा तसा हा सांधा खोलवर बसलेला असतो आणि त्याचं दुखणं बाजूला नाही, पुढे जांघेत उमटतं. मोजे चढवताना, पायाची नखं कापताना, मांडी घालताना अडतं. सकाळी उठल्यावर थोडा वेळ पाय आखडलेला असतो. उतारवयात याचं नेहमीचं कारण म्हणजे सांध्याची झीज, डॉक्टरांच्या भाषेत ऑस्टिओआर्थ्रायटिस.

बोट बाजूच्या उंचवट्यावर गेलं तर गोष्ट वेगळी. तिथे कुल्ल्याच्या स्नायूंच्या कंडरा, म्हणजे दोरीसारखी चिवट टोकं, हाडाला चिकटतात. त्या कुशीवर झोपलं, एका पायावर भार देऊन उभं राहिलं, जिना चढला की ठणका लागतो. चाळिशी ओलांडलेल्या बायकांमध्ये हे विशेष आढळतं. जुन्या कागदांवर याला सरसकट 'बर्सायटिस' (हाडाजवळच्या छोट्या पाणपिशवीची सूज) लिहिलेलं असतं, पण बहुतेकांमध्ये मूळ दुखणं कंडरांचं असतं असं आता मानतात.

आणि बोट मागे कुल्ल्यावर गेलं तर कमरेचे मणके, माकडहाडाच्या वर बाजूला असलेला सांधा किंवा कुल्ल्यातला पिरिफॉर्मिस नावाचा स्नायू, यांपैकी कुणीही असू शकतं. कळ गुडघ्याच्या खाली पोटरीत उतरत असेल, पावलाला मुंग्या येत असतील, तर कमरेतली नस दबल्याची शक्यता मोठी.

एक चकवा सांगून ठेवते. खुब्याचं दुखणं कधीकधी फक्त गुडघ्यात जाणवतं. गुडघ्याचा एक्स-रे स्वच्छ आणि गुडघा मात्र दुखतोय, अशा वेळी कुणीतरी खुबा फिरवून बघायला हवा.

पायरी २ : आधी डॉक्टरांकडे

सुईने दुखणं कमी होऊ शकतं, पण दुखण्याचं कारण सुईला कळत नाही. नुसती नाडी बघून किंवा जीभ बघून खुब्याचा आजार ठरवणारा भेटला तर तिथे पैसे भरू नका. आधी एकदा अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा निदान नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा.

काही लक्षणांत तर ॲक्युपंक्चरचा विचारही नंतर. पडल्यानंतर पायावर भारच घेता येत नाही, किंवा एक पाय आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेर वळलंय : हे हाड मोडल्याचं लक्षण असू शकतं, थेट रुग्णालयात जा. ताप आणि खुब्यात तीव्र वेदना एकत्र : सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो, यात तासांचा हिशेब असतो. विश्रांती घेऊनही रात्रभर न थांबणारं दुखणं, कारण नसताना घटलेलं वजन, पूर्वी झालेला कर्करोग. लघवी-शौचावरचा ताबा सुटणं किंवा बैठकीची जागा बधिर होणं : ही मणक्याची आणीबाणी आहे. लंगडणारं लहान मूलही याच यादीत.

ए.व्ही.एन. (अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस) या आजाराबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तरुण माणसं यात वेळ घालवतात. खुब्याच्या चेंडूला होणारा रक्तपुरवठा तुटला की तिथलं हाड हळूहळू मरत जातं. जास्त दिवस घेतलेली स्टिरॉइड्स, अति मद्यपान, सिकलसेल ही त्याची ठळक कारणं. सुरुवातीला एक्स-रे अगदी नॉर्मल येऊ शकतो, एमआरआयमध्येच ते दिसतं. स्टिरॉइड्स घेतली होती आणि आता जांघेत दुखतंय, असं असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा. चेंडू खचण्याआधी हाती असलेले उपाय खचल्यानंतर राहत नाहीत, आणि हे महिने सुया टोचून घेण्यात घालवणं परवडणारं नाही.

पायरी ३ : अपेक्षा किती ठेवायची

इथे दोन टोकांचे लोक भेटतात. एक म्हणतो सगळं थोतांड, दुसरा म्हणतो ऑपरेशन टळलं. चाचण्या या दोघांच्या मध्ये कुठेतरी बोट ठेवतात.

ॲक्युपंक्चर तपासायचं म्हणजे एका गटाला खरी सुई आणि दुसऱ्याला खोटी द्यावी लागते. खोटी सुई नाटकातल्या सुरीसारखी असते. टेकवली की पातं मुठीत सरकतं, टोचल्याचा भास होतो. कधी खरी सुईच, पण 'बिंदू' नसलेल्या जागी वरवर लावतात. खुब्याच्या झिजेवरच्या ६ चाचण्या आणि त्यांतले ४१३ रुग्ण एकत्र करून कॉक्रेन संस्थेने २०१८ मध्ये आढावा घेतला. खोट्या सुईशी तुलना केली तर खऱ्या सुईचा फायदा जवळजवळ दिसला नाही. एका चाचणीत नेहमीच्या उपचारांना ॲक्युपंक्चरची जोड दिलेल्यांचं दुखणं मात्र, नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा कमी झालं आणि हालचालही सुधारली. अर्थात त्या चाचणीत कुणाला काय मिळतंय हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याच वर्षी ३९ चाचण्यांतल्या २०,८२७ रुग्णांची माहिती एकत्र करून आणखी एक विश्लेषण आलं. त्यात पाठ, मान, खांदा, डोकेदुखी आणि सांध्यांची झीज असे जुनाट त्रास होते. तिथे खरी सुई खोटीपेक्षा सरस ठरली, पण थोड्या फरकाने; काहीच सुया न लावलेल्यांच्या तुलनेत फरक बराच मोठा होता. उतार पडलेल्यांचा बहुतेक फायदा वर्षभराने टिकून होता.

मग तज्ज्ञांच्या संस्था काय म्हणतात? एकमेकींच्या विरुद्ध. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेत खुब्याच्या झिजेसाठी ॲक्युपंक्चरची सशर्त शिफारस आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२ मध्ये झिजेसाठी ते देऊ नये असं सांगितलं. दोघांपुढे पुरावा साधारण तोच होता. एकीने 'थोडा फायदा, धोका कमी, रुग्णाला हवं तर घेऊ दे' असा कौल दिला. दुसरीने 'खोट्या सुईपेक्षा पुरेसं सरस नाही, तर खर्च कशाला' असा. माझा स्वतःचा कल पहिलीकडे आहे, पण घिसलेली कूर्चा (सांध्यातल्या हाडांवरचं गुळगुळीत अस्तर) सुईने परत येते असं कुणी सांगत असेल तर तिथून उठावं. तसं होत नाही.

बाजूच्या कंडरांचं दुखणं असेल तर आणखी एक आकडा लक्षात ठेवा. २०१८ मध्येच प्रसिद्ध झालेल्या २०४ रुग्णांच्या एका चाचणीत आठ आठवड्यांनंतर, व्यायाम आणि बसण्या-उठण्याच्या सवयींचं शिक्षण मिळालेल्यांपैकी सुमारे ७७ टक्क्यांना सुधारणा जाणवली, स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ५८ टक्क्यांना आणि नुसती वाट बघणाऱ्यांपैकी २९ टक्क्यांना. म्हणजे या दुखण्यात मुख्य काम व्यायामाचं. सुई घ्यायचीच तर व्यायाम करण्याइतपत दुखणं खाली यावं म्हणून.

सुई नेमकं काय करते? पारंपरिक उत्तर 'ची' नावाच्या प्रवाहाचं आहे. प्रयोगशाळेतलं उत्तर असं की टोचलेल्या नसांमधून मेंदूपर्यंत संदेश जातो आणि शरीर स्वतःची अफूसारखी रसायनं सोडतं. अफूचा परिणाम उलटवणारं नालोक्सोन हे औषध दिलं की सुईचा वेदनाशामक परिणाम घटतो, हे १९७०च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं होतं. आणि विश्वास, अर्धा तास शांत पडून राहणं, कुणीतरी लक्ष देणं यांचाही वाटा आहेच. तो वेगळा काढता येत नाही म्हणून तर खोट्या सुईची यातायात.

पायरी ४ : कुणाकडे जायचं

तुमच्या भागात ॲक्युपंक्चरसाठी नोंदणीचा नियम काय आहे ते पाहा आणि नोंदणी विचारा. विचारायला संकोच करू नका; चांगल्या थेरपिस्टला राग येत नाही. फोनवरच चार गोष्टी विचारता येतात. सुया एकदाच वापरायच्या, बंद पाकिटातल्या असतात का? खुब्याचे रुग्ण नेहमी बघता का? साधारण किती सिटिंगनंतर 'उपयोग नाही' असं समजायचं? व्यायामही सांगता का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत बोलकं. 'सहा-आठमध्ये कळेल' म्हणणारा आणि 'चाळीस सिटिंगचं पॅकेज घ्या, आगाऊ भरलंत तर सवलत' म्हणणारा, यांतला फरक समजावून सांगायला नको.

काही फिजिओथेरपिस्ट 'ड्राय नीडलिंग' करतात. सुई तीच, पण बिंदू आणि मार्ग यांचा विचार न करता आखडलेल्या स्नायूच्या गाठीत टोचतात. बाजूच्या किंवा मागच्या दुखण्यात तेही चालतं. त्यात स्नायू क्षणभर फडफडतो आणि नंतर एक-दोन दिवस तिथे जास्त ठणकतं, एवढी तयारी ठेवा.

पायरी ५ : जाण्याआधीची वही

हे टाळू नका. जुनाट दुखणं चढतं आणि उतरतं. आपण उपचाराला जातो ते ते सर्वांत चढलेलं असताना, म्हणजे काहीच केलं नसतं तरी ते थोडं उतरणारच होतं. आठवणीवर विसंबलात तर हे कळणार नाही.

पहिल्या सिटिंगच्या आधी आठवडाभर रोज रात्री तीन गोष्टी लिहा. दुखणं ० ते १० मध्ये किती. दुखायला लागेपर्यंत किती मिनिटं चालता आलं. रात्री कितीदा जाग आली. शिवाय तुम्हाला अडणारं एक नेहमीचं काम निवडा. माझं होतं डाव्या पायात मोजा घालणं.

सोबत औषधांची यादी घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करायची नाही, फक्त सांगायची. सुई लावायची की नाही आणि किती खोल, ते त्यावर ठरतं. पेसमेकर असेल तर विजेची जोड दिलेलं ॲक्युपंक्चर नको. गर्भवती असाल, अगदी शंका असली तरी सांगा, कारण माकडहाडाजवळचे आणि घोट्याच्या वरचे काही बिंदू त्या काळात टाळतात. खुब्याचा कृत्रिम सांधा बसवलेला असेल तर त्याच्या आसपास सुई नको, संसर्गाचा धोका पत्करण्यासारखा नाही. त्या दुखण्यासाठी सर्जनकडेच परत जा.

उपाशीपोटी जाऊ नका, चक्कर येते. पोट तुडुंबही नको. सैल कपडे घाला. कुल्ल्याचा भाग उघडा करावा लागेल, तेव्हा चादर मागा आणि हवं तर सोबत कुणाला घेऊन जा. आणि लघवीला जाऊन या. अर्धा तास सुया लावून पडल्यावर ही सूचना आठवून उपयोग नसतो.

पायरी ६ : टेबलावर

बहुतेक वेळा कुशीवर झोपवतात : दुखरा खुबा वर, खालचा पाय सरळ, वरचा गुडघ्यात वाकवून उशीवर. उशी नसेल तर मागा. पाय लोंबकळत राहिला की कंडरांवर ताण येतो.

सुई पाहिली की भीती बरीच कमी होते. इंजेक्शनची सुई पोकळ असते, ही भरीव, आणि जाडीला साधारण पाव मिलिमीटर. हातापायांवर बोटाच्या दोन पेरांपेक्षाही कमी लांबीची पुरते. कुल्ल्यावर मात्र ७५ मिलिमीटरपर्यंत लांब सुई निघू शकते. दचकू नका. तिथे स्नायूंचा थर जाड असतो आणि सुईचा बराच भाग बाहेरच राहतो.

खुब्यासाठी नेहमी लागणारे बिंदू थोडेच आहेत. सर्वांत प्रसिद्ध जीबी ३०, चिनी नाव हुआनथियाओ. यातल्या 'थियाओ'चा अर्थ उडी. मांडीच्या हाडाचा उंचवटा आणि माकडहाडाच्या वरची खाच यांना जोडणारी रेष मनात ओढा. तिचे तीन भाग केले तर उंचवट्याकडचा भाग संपतो तिथे हा बिंदू. जीबी २९ पुढे, कमरेच्या हाडाचं पुढचं टोक आणि तोच उंचवटा यांच्या मधोमध. जीबी ३४ तर पार खाली, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला लागणाऱ्या छोट्या हाडाच्या पुढे-खाली. खुबा दुखत असताना गुडघ्याखाली सुई कशाला, असं वाटतं. पण हा सगळा एकच मार्ग मानतात, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून पायाच्या चौथ्या बोटापर्यंत जाणारा. त्याला पित्ताशयाचं नाव आहे, इंग्रजीत गॉल ब्लॅडर, म्हणून 'जीबी'. कागदावर 'जीबी' वाचून माझ्या एका नातेवाईक बाईंनी पित्ताच्या खड्यांची धास्ती घेतली होती. तसं काही नसतं. याशिवाय दाबल्यावर 'हां, इथेच' म्हणावंसं वाटतं त्या जागी सुई लावतात, त्यांना 'आशी' बिंदू म्हणतात.

टोचताना डास चावल्यासारखं वाटतं, कधी तेही नाही. मग सुई हलकी फिरवली की खोलवर जडपणा, दाटून आल्यासारखं, किंचित मुंग्या. याला 'ते-ची' म्हणतात, हे अपेक्षित आहे. मात्र विजेचा झटका मांडीतून थेट पावलापर्यंत गेला तर लगेच तोंडाने सांगा. जीबी ३० च्या खालूनच सायटिक नस जाते. काही जुन्या पद्धतीचे थेरपिस्ट हा झटका चांगला मानतात. मला विचाराल तर सुई थोडी मागे घ्यायला सांगायची, सोसत बसायचं नाही.

सुया लावल्या की २० ते ३० मिनिटं स्वस्थ पडायचं. कूस बदलायची नाही, आत सुई वाकते. खोकला येणार असेल तर आधी सांगा. काही ठिकाणी सुयांना बारीक वायर जोडून सौम्य वीज देतात. स्नायू तालात थडथडतो, दुखायला लागलं तर कमी करायला सांगायचं. वर लाल दिव्याचा शेक असेल तर तो सोसवेल इतकाच ठेवा. मधुमेहामुळे कातडी बधिर असेल तर शेक घेऊच नका, भाजल्याचं कळत नाही.

घाम फुटला, मळमळलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर हाक मारा. सुया काढून पाय उंच केले की पाच मिनिटांत बरं वाटतं. हाकेच्या अंतरावर कुणी असणार ना, हे सुया लावण्याआधीच विचारून ठेवा.

आणि सुया मोजा. लावताना किती, काढताना किती. कुशीत विसरलेली सुई ही विनोदी वाटणारी, पण खरोखर घडणारी गोष्ट आहे.

पायरी ७ : पुढचे दोन दिवस

हळू उठा. गुंगी वाटत असेल तर तासभर गाडी चालवू नका. टोचल्या जागी निळसर डाग पडणं, थोडं दुखणं हे नेहमीचं आहे. जर्मनीत २,२९,२३० रुग्णांची नोंद ठेवली गेली होती. त्यांतल्या ८.६ टक्क्यांना काही ना काही त्रास झाला, मुख्यतः रक्त येणं किंवा डाग पडणं. उपचार लागावेत असा त्रास २.२ टक्क्यांना. फुप्फुसाला भोक पडण्याचे दोन प्रसंगही त्यात होते. तो धोका छातीभोवतीच्या सुयांचा, खुब्याच्या नव्हे. पण खुब्यासाठी गेलेल्या माणसाच्या खांद्याला आणि बरगड्यांवर सुया लावायला कुणी निघालं तर 'कशासाठी' हे विचारावं.

टोचलेली जागा लाल, गरम होऊन सुजत गेली, ताप आला, किंवा पायाची ताकद कमी वाटली, तर डॉक्टरांना दाखवा.

पायरी ८ : दुखणं कमी झालेल्या तासांचं काय करायचं

अनेकांना पहिल्या दोन-तीन सिटिंगनंतर एखाद-दुसरा दिवस बरं वाटतं, मग परत तसंच. हे नापास झाल्याचं लक्षण नाही, आणि पास झाल्याचंही नाही. त्या मोकळ्या दिवशी राहिलेली सगळी कामं उरकायची आणि दुसऱ्या दिवशी पाय धरून बसायचं, हा आपला सगळ्यांचा आवडता घोळ. त्याऐवजी फिजिओने दिलेले व्यायाम तेव्हा करा. पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं, भिंतीला टेकून पाय बाहेर दाबणं, हळूहळू एका पायावर भार घेणं.

सवयींपैकी चार पुरेत. पायावर पाय टाकून बसू नका. एका खुब्यावर लोंबत उभं राहू नका. झोपताना दुखरी कूस वर आणि गुडघ्यांमध्ये उशी. काठी वापरत असाल तर दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरा. बहुतेक जण चुकीच्या हातात धरतात.

सहाव्या सिटिंगनंतर वही उघडा. १० पैकी निदान दोन अंक, किंवा साधारण एक तृतीयांश दुखणं उतरलं असेल तर तो खरा फरक मानायला हरकत नाही. मग आणखी चार-सहा, दोहोंमधलं अंतर वाढवत. आकडे जागच्या जागी असतील तर थांबा. 'शरीरातून विष बाहेर पडतंय म्हणून आधी वाढतं' असं ऐकवलं जाईल, तरी थांबा. आणि दुखण्याने जागा बदलली असेल, म्हणजे बाजूचं होतं ते आता जांघेत आलं असेल, तर पायरी एकवर परत या आणि डॉक्टरांना नव्याने दाखवा.

माझी दुसरी खेप दुसऱ्या थेरपिस्टकडे झाली. तिने आधी एका पायावर उभं केलं, बोट ठेवायला सांगितलं आणि मगच सुईचं पाकीट फोडलं. सहा सिटिंगमध्ये सातचा आकडा चारवर आला आणि रात्रीची जाग थांबली. व्यायाम त्याच आठवड्यात सुरू केले होते, त्यामुळे कुणाचं श्रेय किती, ते वहीवरून सांगता येत नाही. आठव्यानंतर सुया बंद केल्या. डाव्या पायात मोजा आता उभ्याने घालता येतो, भिंतीला हात लावून.